एकटीने विमानतळ: मदतनीस सेवा, पांढरी काठी आणि फोन (वापरानंतरचा अनुभव)

मला दिसत नाही. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. कामामुळे गेले बरेच महिने एकटीने विमानप्रवास चालू आहे. हाताशी तीन गोष्टी असतात: विमानतळावरची मदतनीस सेवा, पांढरी काठी आणि फोन. तिघांचाही भरपूर वापर झालाय, म्हणून लिहितेय. माझं मत आधीच सांगते. चालण्या-फिरण्यात फारसं काही अडत नाही. घोळ होतो तो एका मदतनीसाने मला दुसऱ्याच्या ताब्यात देताना.

सुरुवात तिकिटापासूनच होते. विमान कंपन्यांच्या यंत्रणेत मदतीसाठी चार अक्षरांचे कोड असतात आणि ते जगभर सारखेच चालतात. अंध प्रवाशासाठी बीएलएनडी. व्हीलचेअरचे तीन: जिने चढता येतात पण लांब चालवत नाही त्यांना डब्ल्यूसीएचआर, जिने जमत नाहीत त्यांना डब्ल्यूसीएचएस, आणि थेट सीटपर्यंत उचलून न्यावं लागतं त्यांना डब्ल्यूसीएचसी. नुसतं ‘मदत लागेल’ म्हटलं की पलीकडचा माणूस हमखास व्हीलचेअर टाकून मोकळा होतो. त्यामुळे मी फोनवर कोडच सांगते आणि नोंद झाली की वाचून दाखवायला लावते. बहुतेक कंपन्या ४८ तास आधी कळवायला सांगतात; युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमातही हीच मुदत आहे.

एवढं करूनही दारात खुर्ची घेऊन माणूस उभा असतोच.

“बसा ना मॅडम, पटकन होईल.”

“पाय चांगले आहेत हो माझे. तुमचा कोपर द्या, मी धरून चालते.”

“पण नियम आहे.”

असा काही नियम मला आजवर कोणी दाखवलेला नाही. खरं कारण साधं आहे: एक मदतनीस खुर्ची ढकलत सरळ नेऊ शकतो, त्याला बोलावं लागत नाही आणि प्रवासी इकडेतिकडे जाईल ही धास्तीही राहत नाही. त्यांच्या बाजूने हे सोयीचं आहे, मान्य. पण खुर्चीत बसलं की काठी मांडीवर जाते आणि आपण कुठे आहोत याचा अंदाजच सुटतो. मी ठामपणे नाही म्हणते. कोपराच्या जरा वर हात ठेवायचा, अर्धं पाऊल मागे राहायचं. पुढचा वळला, थांबला, पायरी उतरला की सगळं हाताला कळतं. दोन मिनिटांत समोरच्यालाही जमतं. जे दंड धरून मला पुढे ढकलत नेतात त्यांना मात्र दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

आता मुख्य तक्रार. चेक-इन झालं की मदतनीस एका खुर्चीवर बसवतो, “इथेच थांबा, दुसरा येईल” म्हणतो आणि जातो. दुसरा कधी येणार, हे त्यालाही माहीत नसतं. एका विमानतळावर मी अशी बसून राहिले आणि बोर्डिंग सुरू झाल्यावर कोणीतरी धावत आलं. तेव्हापासून मदतनीस हलायच्या आधी त्याला तीन प्रश्न विचारते: कोण येणार, किती वाजता, आणि नाही आलं तर काउंटर माझ्या कोणत्या हाताला, किती पावलांवर? तिसऱ्याचं उत्तर द्यायला त्याला मान वळवून बघावं लागतं, आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात त्या जागेचा नकाशा तयार होतो. टॉयलेट आणि पाणीही त्याच्या सोबतीनेच उरकून घेते.

सिक्युरिटीची धास्ती सगळ्यांना असते, मला ती आता वाटत नाही. काठी घडी करून ट्रेमध्ये जाते, म्हणजे नेमकं दारातून चालायच्या वेळी हात रिकामे. पलीकडच्या अधिकाऱ्याला म्हणायचं, “बोलत राहा, मी आवाजावर येते.” बहुतेक जण लगेच बोलू लागतात. काही जण नुसताच हात पुढे करतात, जो अर्थातच मला दिसत नाही. पलीकडे गेल्यावर बेल्टच्या कडेला उभं राहायचं. रोलर खडखडतात, ट्रे एकमेकांवर आपटतात, आणि माझ्या ट्रेमध्ये काठी किंचित गडगडते तो पोकळ आवाज मला ओळखू येतो. लॅपटॉपच्या पिशवीच्या चेनला सुतळीची गाठ मारलेली आहे. बोटाला गाठ लागली की आपली.

फोनचा खरा उपयोग गेटवर. बऱ्याच विमानतळांनी आता बोर्डिंगच्या घोषणा बंद केल्यात. शांतता म्हणे प्रवाशांना आवडते. गेट बदललं तर ते फक्त पडद्यावर येतं, म्हणजे माझ्यापुरतं कुठेच येत नाही. अशा वेळी विमान कंपनीचं ॲप आणि फोनवर लिहिलेलं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर यांच्यावरच भिस्त, नोटिफिकेशन चालू ठेवायचं. पडदा वाचायला कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं एक ॲप वापरून पाहिलं. मेनूकार्ड, पाटी, बाटलीवरचं लेबल झकास वाचतं. पण उंचावरचा, चकाकणारा फ्लाइट बोर्ड? वरच्या ओळीतलं गेट माझ्या विमानाला जोडून बिनधास्त सांगून टाकलं. गेटसाठी त्यावर विसंबू नका. ‘बी माय आइज’ हे डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं ॲप २०१५ पासून आहे. त्यात व्हिडिओ कॉलवर डोळस स्वयंसेवक जोडून मिळतो, पैसे लागत नाहीत. “कॅमेरा थोडा डावीकडे घ्या” असं म्हणणारा माणूस असला की काम होतं. फक्त पासपोर्ट आणि बोर्डिंग पास कॅमेऱ्यासमोर धरू नका, स्वयंसेवक अनोळखी असतो.

अंधांना पायाने वाट कळावी म्हणून बसवलेल्या उठावदार पिवळ्या पट्ट्यांबद्दल काय सांगू! जपानमध्ये १९६७ साली सेइइची मियाके यांच्या कल्पनेतून त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसल्या. मी पाहिलेल्या विमानतळांवर त्या दारापासून निघतात आणि चौकशी काउंटरशी संपतात. पुढे गुळगुळीत फरशी आणि तुमचं नशीब.

विमानात सीट शोधणं सोपं, असं वाटेल. सीटच्या पाठी मोजत जायचं. पण कित्येक विमानांत १३ नंबरची रांग नसतेच, आणि पुढच्या वर्गाचे नंबर संपले की मागच्या वर्गाचे मधले आकडे सोडून सुरू होतात. २१ वी रांग ही हाताला २१ वी लागेलच असं नाही. दारातच क्रूला विचारते, “माझ्या आधी किती रांगा?” सुरक्षेची माहिती वेगळी द्यायला सांगते: ऑक्सिजन मास्क वर नेमका कुठे, लाइफ जॅकेट सीटखाली कसं ओढायचं, पुढचं-मागचं दार किती रांगांवर. चांगले क्रू जॅकेटच्या पाकिटावर हात ठेवून दाखवतात. उतरताना आपला नंबर शेवटचा, हे धरूनच चला आणि पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये मोकळा वेळ ठेवा.

सामानाच्या पट्ट्यावर मदतनीस विचारतो, “बॅग कशी आहे?” रंग सांगून भागत नाही, निम्म्या बॅगा काळ्या. माझ्या हँडलला जाड लोकर गुंडाळलेली आहे आणि आत ब्लूटूथ टॅग. गोंगाटात टॅगचा आवाज क्वचितच ऐकू येतो, पण बॅग जवळ आली की फोन सांगतो, त्यासाठी तो ठेवा.

तक्रार करायची तर आधी दार कुठलं ते बघा. युरोपीय संघात विमानतळावरच्या मदतीची जबाबदारी विमानतळ चालवणाऱ्यावर आहे, अमेरिकेत १९८६ च्या कायद्यानुसार विमान कंपनीवर. चुकीच्या दारात गेलं तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. तारीख, वेळ, गेट आणि मदतनीस कुठे सोडून गेला, एवढं मी फोनवर तिथल्या तिथे बोलून रेकॉर्ड करते. या रेकॉर्डिंगमुळे एका कंपनीने लेखी उत्तर दिलं, आणि पुढच्या वेळी दारात कोपर पुढे करणारा माणूस आला. खुर्ची त्याच्या मागे होतीच.