बदली स्पीड सेन्सर : आठ महिने वापरून

शिरोलीच्या शेडमधल्या आमच्या जुन्या व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) बिडाची हाउसिंग चालतात. एके दिवशी एम १० चा टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) भोकातच तुटला. पुढच्या जॉबला दुसरा. टॅपवाल्याला शिव्या घालून झाल्यावर कळलं, स्पिंडलचा (हत्यार फिरवणाऱ्या दांड्याचा) स्पीड सेन्सरच त्यावरच्या चाकाचे दात मोजताना मधेमधे पल्स खातोय. मूळ सेन्सरचं कोटेशन ४२ हजार, वर सहा आठवडे थांबा. साडेअकरा हजारांचा बदली घेतला.

त्याआधी केलेला शहाणपणाही सांगतो. इलेक्ट्रिशियनने दोन वायरचा कॉइलवाला पिकअप आणला, बाराशेचा. दोन हजार आरपीएमला झकास! पण दात जितके हळू सरकतील तितका त्याचा व्होल्टेज कमी, आणि रिजिड टॅपिंगमध्ये (स्पिंडलच्या फिरण्याशी जुळवून टॅप खाली-वर नेताना) तळाला स्पिंडल शून्यावर येऊनच उलटा फिरतो. नेमका तिथेच हा आंधळा. फिरण्याची दिशाही सांगत नाही. नुसता आरपीएम बघायचा असेल तर घ्या.

नवा साइन-कोसाइनचा (दोन लहरींवरून दिशाही कळते), झेड पल्ससकट (फेरीला एक खूण). आमच्या चाकाला २५६ दात, मॉड्यूल (दातांचं माप) ०.४. म्हणजे ६००० आरपीएमला सेकंदाला २५,६०० दात पुढून जातात. विकत घेताना एवढी फ्रिक्वेन्सी झेपते का, हे आधी विचारा. सेन्सर आणि दातांमधला गॅप ०.१५ मिमी ठेवायचा. आत चुंबक असल्यामुळे स्टीलचा फीलर (गॅप मोजायची पातळ पट्टी) चिकटतो आणि गॅप कळत नाही. पितळी शिम वापरा. पहिल्यांदा स्कोपवर सिग्नल एक व्होल्टऐवजी ०.६ दिसला, गॅप कमी केल्यावर जागेवर आला.

आता वायर. ज्याने ही डिझाइन केली त्याला एकदा आमच्या स्पिंडलहेडमध्ये हात घालायला लावलं पाहिजे. वायर सेन्सरच्या पाठीतून सरळ बाहेर, आणि पाठीमागे भिंत! काटकोनात वाकवली तेव्हा आता तुटते की मग, असं झालं. वर कनेक्टर नाही, दोन मीटरची मोल्ड केलेली. सेन्सर काढायचा तर पॅनेलपर्यंतची वायर उपसा. दोनशे रुपयांचा कनेक्टर वाचवलाय यांनी.

इथवरचं तिसऱ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं, शेवटी ‘वायर सोडून सगळं उत्तम’ असं. चौथ्या महिन्यात टूल चेंजच्या वेळी ओरिएंटेशनचा (स्पिंडल ठरलेल्या कोनात थांबत नसल्याचा) अलार्म यायला लागला. फोन केला तर विक्रेता एकच पालुपद लावून बसला, ‘गॅप चुकलाय’. माणूस पाठवायचे तीन हजार वेगळे. तासभर भांडलो. फोन ठेवून उघडून पाहिलं तर सेन्सरच्या तोंडावर बिडाच्या बारीक भुकटीचा तेलकट काळा लेप. चुंबकाला लोखंडाचा भुगा चिकटणारच. पण पहिला सेन्सर कित्येक वर्षं चालला, मग याच्यापाशीच भुगा आला कुठून?

कव्हरच्या कडेची फेल्टची पट्टी. बसवताना मीच काढली होती, वायर मावेना म्हणून. पट्टीला खाच पाडली, तोंड पुसलं, गॅप पुन्हा लावला. त्यानंतर चार महिने अलार्म नाही. विक्रेत्याला हे कळवलेलं नाही.

स्पेअर म्हणून दुसरा मागवलाय, कनेक्टरवाला. १३,८०० ला बसला.