मुंबईत पायी एक दिवस: फोर्ट की गिरगाव?

हातात एकच दिवस आहे आणि मुंबई पायी बघायची आहे, तर निवड बहुतेक वेळा फोर्ट आणि गिरगाव यांच्यात होते. दोन्ही एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका. नकाशावर अंतर थोडं दिसतं, पण दोन्हीकडे खरा वेळ थांबण्यात जातो.

फोर्टची वाट सरळ आहे. सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) स्टेशनहून निघायचं आणि गेटवे ऑफ इंडियाला पोचायचं, साधारण अडीच किलोमीटर. स्टेशनच्या फाटकावरचे सिंह आणि वाघ आधी नीट बघा, मग दादाभाई नौरोजी रोडच्या कमानींखालून चालत हुतात्मा चौक गाठा. 1864चं फ्लोरा फाउंटन आणि संयुक्त महाराष्ट्राचं हुतात्मा स्मारक तिथे शेजारी शेजारी आहेत. 21 नोव्हेंबर 1955 ला गोळीबार झाला तो याच चौकात. मराठी माणसाने इथे नुसता फोटो काढून पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तिथून ओव्हल मैदान जवळ आहे. पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दोन्ही 1878चे. पश्चिमेला इरॉस सिनेमागृह आणि 1930च्या दशकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती. मधल्या हिरवळीवर उभं राहिलं की शहराची दोन युगं समोरासमोर दिसतात. युनेस्कोने 2018 मध्ये हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. दुपारचं ऊन काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढता येतं.

गिरगावात असं काही नजरेत मावत नाही. तिथे आत शिरावं लागतं. सकाळी मुंबादेवीपासून सुरुवात केली तर भुलेश्वरच्या फुलगल्लीत ताजा माल असतो आणि गर्दी अजून अंगावर आलेली नसते. पुढे ठाकूरद्वारला विनय उपाहारगृहातली मिसळ खा, मग खोताची वाडी. पाठारे प्रभू खोताच्या या जमिनीवर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी लाकडी सज्जांची, कौलारू घरं बांधली. त्यातली बरीच आता गेली आहेत, भोवती टॉवर चढताहेत. लोक तिथे राहतात, तेव्हा आवाज बेताचा ठेवा आणि कोणाच्या दारात कॅमेरा रोखू नका. जवळच केशवजी नाईकांची चाळ आहे. 1893 मध्ये तिथे सार्वजनिक गणपती बसला. चाळ म्हणजे काय हे पुढच्या पिढीला पुस्तकातून कळणार नाही. तिथला तो लांब, सामाईक व्हरांडा बघायलाच हवा.

चौपाटीवर, जिथे 1920 मध्ये लोकमान्यांवर अंत्यसंस्कार झाले तिथे, त्यांचा पुतळा आहे. गावदेवीत मणिभवन, 1917 ते 1934 या काळातलं गांधीजींचं मुंबईतलं मुक्कामाचं ठिकाण. शेवट वाळकेश्वरच्या बाणगंगा तळ्याला. समुद्र हाकेवर असूनही तळ्याचं पाणी गोडं आहे.

आता पायांचा हिशेब. फोर्टचे रस्ते सपाट, पदपथ बरे, कमानींमुळे ऊन-पाऊस दोन्ही सोसवतं, बसायला जागा आणि स्वच्छतागृहं त्यामानाने सहज सापडतात. भुलेश्वरमध्ये हातगाड्या, टेम्पो आणि माणसं एकाच बोळातून जातात. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तर तो भाग सोडाच. चौपाटीहून वाळकेश्वरचा चढही दमवतो.

वारही बघा. रविवारी फोर्टमधली कार्यालयं बंद, रस्ते मोकळे, इमारती निवांत दिसतात. गिरगाव-भुलेश्वरला मात्र कामाच्या दिवशी जावं, कारण तिथलं बघण्यासारखं बरंचसं दुकानांत आणि दारांतच आहे. पोचायला दोन्ही सोपं आहे. लोकल आहेच, आणि आता भुयारी मेट्रोची सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव अशी स्थानकंही आहेत.

मुंबई पहिल्यांदाच बघत असाल, सोबत आई-वडील असतील किंवा पावसाळा असेल, तर फोर्ट घ्या. बाकी कोणी मला विचारलं तर मी गिरगाव सांगेन. फोर्टच्या इमारतींना आता संरक्षण आहे, त्या पुढच्या खेपेलाही दिसतील. वाड्या आणि चाळींचं तसं नाही. बाणगंगेला उन्हं उतरायच्या आत पोचा, आणि परतताना पुन्हा पायपीट न करता वाळकेश्वरहून बेस्टची बस धरा.