मॅट काळं पावडर कोटिंग आणि त्यावरचे हट्टी डाग : दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या मे महिन्यात माझ्या पल्सरचे दोन्ही अलॉय (चाकांच्या रिम), स्विंगआर्म (मागचं चाक धरून ठेवणारा दांडा), क्रॅश गार्ड आणि मागचं हँडल कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत देऊन मॅट काळं पावडर कोटिंग करून घेतलं. गाडी २०१६ ची. जुना रंग सँड ब्लास्टिंगनं उडवला, पार्ट हुकाला टांगून रंगाची कोरडी पावडर मारली आणि भट्टीत १८०-२०० अंशांवर भाजले. पार्ट ताब्यात देताना तिथल्या माणसानं सांगितलं, "थिनर तेवढा लावू नका, बाकी काय होत न्हाई त्याला."

थिनरचं त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. 'बाकी काय होत नाही' हे मात्र अर्धंच खरं. कोटिंग आजपर्यंत कुठंही उडालेलं नाही, गंज नाही, खडी लागून टवका नाही. त्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. पण मॅट फिनिशवर डाग बसला की तो कसा काढता यावर सगळं अवलंबून असतं, आणि हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात जास्त त्रास डांबराचा. महिन्यातून दोन-तीनदा आंबा घाटातून रत्नागिरीला जाणं होतं. त्या रस्त्याचं चौपदरीकरण चालू होतं, त्यामुळे ताज्या डांबराचे शिंतोडे मागच्या रिमच्या आतल्या बाजूला आणि स्विंगआर्मच्या पोटाला बसायचे. तांदळाच्या दाण्याएवढे काळे ठिपके. काळ्यावर काळं, पण हे चकाकतात म्हणून लगेच दिसतात. शाम्पूनं हलत नाहीत, नखानं खरवडले तर नख काळं होतं आणि ठिपका तिथंच राहतो.

इथं माझी मोठी चूक झाली. घरात रबिंग कंपाउंडची (रंगावरचे ओरखडे घासून काढायच्या पेस्टची) डबी होती, ती घेऊन स्विंगआर्मवरचा एक ठिपका घासला. ठिपका गेला, पण त्या जागी रुपयाच्या नाण्याएवढा चकचकीत गोल उठला. मॅट म्हणजे मुळात पृष्ठभागावरचा बारीक खडबडीतपणा. तो घासून सपाट झाला की उजेड परत फेकतो आणि ती जागा चमकते. हे परत मॅट करता येत नाही. टूथपेस्ट, स्कॉच ब्राइट, पांढरा मॅजिक स्पंज, सगळ्यांचा परिणाम तोच. तो स्पंज हाताला मऊ लागतो, पण काम बारीक पॉलिश पेपरचं करतो.

आता डांबर काढायची माझी पद्धत अशी. गाडी पूर्ण थंड होऊ द्यायची. ब्रेकची डिस्क प्लास्टिकच्या पिशवीनं झाकायची. कापसाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून ठिपक्यावर चिकटवून ठेवायचा आणि पाच-सात मिनिटं हात लावायचा नाही. बोळ्याच्या कडेनं चहाच्या रंगाचा ओघळ खाली यायला लागला की समजायचं, सुटलं. मग बोळा नुसता उचलत पुसायचा, दाबायचं नाही. राहिलंच थोडं तर दुसरा बोळा. शेवटी शाम्पूच्या पाण्यानं धुवायचं, कारण तेलकट थर राहिला तर दुसऱ्या दिवशी सगळी धूळ तिथंच बसते. रॉकेल आता सहज मिळत नाही, तेव्हा मी टर्पेंटाइनही वापरलंय, तेही चालतं. दुकानातला टार रिमूव्हर स्प्रे जरा लवकर काम करतो, पण उभ्या पार्टवरून ओघळून जातो, त्यामुळे तोही बोळ्यावरच मारावा लागतो. पेट्रोल मी वापरत नाही. भडका उडायची भीती तर आहेच, शिवाय ते इतक्या लवकर उडून जातं की डाग भिजतच नाही. चेनवरून उडालेल्या ऑइलचे ठिपकेही रॉकेलनंच जातात, ते ताजे असताना तर एका पुसण्यात.

पावसाळ्यात कोकणातली लाल माती हा वेगळा विषय. ती मॅटच्या खाचांत बसते आणि वाळली की तांबूस छटा राहते. कोरड्या फडक्यानं पुसली की तिच्यातली रेतीच कोटिंगवर रेघा ओढते. ओलं फडकं क्रॅश गार्डला अर्धा तास गुंडाळून ठेवलं आणि नंतर मऊ ब्रशनं शाम्पू फिरवला, तर एकही रेघ न पडता निघाली.

बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र शाम्पूनं जात नाहीत. तो क्षार असतो. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, फडक्यावर घेऊन मिनिटभर ठेवायचं आणि लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं. चेनवर आणि उघड्या ॲल्युमिनियमवर ते जाऊ द्यायचं नाही. आता मी गाडी धुतली की सावलीतच पुसून कोरडी करतो, त्यामुळे हे काम क्वचितच निघतं.

पुढच्या रिमवरचे तपकिरी ठिपके म्हणजे डिस्क आणि ब्रेक पॅडची झिजलेली लोखंडी धूळ. आयर्न रिमूव्हर (ही धूळ विरघळवणारा स्प्रे) मारला की जांभळे ओघळ येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. रिमवर वाळू न देता दोन-तीन मिनिटांत धुवून टाकला. एका बाटलीचे दहा महिन्यांत चारच वापर झालेत.

फेब्रुवारीत रत्नागिरीला मामांच्या आंब्याखाली गाडी दोन दिवस उभी होती. मोहोराचे दिवस, मोहोरावरच्या तुडतुडे किड्यांचा चिकटा सगळ्या गाडीवर. रॉकेल लावून पाहिलं, काही उपयोग नाही. मामी म्हणाली, "अरे, साखरच ती, कोमट पाणी ओत." दोन तांब्यांत सगळं साफ.

एक तक्रारही आहे. दिवाळीत घाईघाईत एका वॉशिंग सेंटरला गाडी दिली. तिथं चाकांवर कसलं तरी कडक लिक्विड मारून ते तसंच उन्हात सोडून दिलं. मागच्या रिमवर राखाडी ओघळ कायमचे उमटले. तेव्हापासून चाकं घरीच धुतो. बाहेर देणार असाल तर चाकांना फक्त शाम्पू लावायला सांगा आणि तिथंच उभे राहा.

नवीन कोटिंग करून घेणाऱ्यांनी अजून एक करावं. पार्ट ताब्यात घेताना, जिथं दिसणार नाही अशा आतल्या जागी, थिनरचा कापूस पाच-सहा वेळा हलकेच फिरवून बघा. नीट भाजलेलं कोटिंग असेल तर कापसाला रंग जवळजवळ लागत नाही. कापूस काळा झाला तर एक तर भट्टीत कमी भाजलंय, नाहीतर पावडर कोटिंगच्या नावाखाली स्प्रेचा रंग मारलाय. माझ्या पार्टवर कापूस पांढराच राहिला होता.

स्विंगआर्मवरचा तो चकचकीत गोल अजून तसाच आहे. तेवढ्याच जागेला पावडर मारून भागत नाही, अख्खा पार्ट काढून पुन्हा ब्लास्ट करावा लागतो. एप्रिलमध्ये चेन स्प्रॉकेट बदलायचंच आहे, तेव्हा स्विंगआर्म आणि मागची रिम दोन्ही शिरोलीला नेऊन देणार आहे. या वेळी मॅटऐवजी सॅटिन फिनिश (मॅट आणि चकचकीत यांच्या मधलं) सांगणार. नमुन्याच्या पत्र्यावर बोट फिरवून बघितलं, ते जरा गुळगुळीत आहे आणि लाल माती त्याच्यात अडकून बसणार नाही असं वाटतंय.