फोनिक्स: क्लास की घरची शिकवणी?

फोनिक्स म्हणजे अक्षरांचे ध्वनी जुळवून इंग्रजी वाचायला शिकणं. त्यासाठी पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत मी घरच्या शिकवणीच्या बाजूने आहे. इंग्रजीत अक्षरं 26, पण ध्वनी साधारण 44. मूल नेमकं कुठे अडतंय ते शेजारी बसूनच कळतं. स, अ‍ॅ, ट, प, इ, न एवढ्या सहा ध्वनींतून ‘सॅट’, ‘पिन’, ‘टॅप’ जुळतात, आणि स्वतः जुळवलेला पहिला शब्द वाचताना मुलाचा चेहरा काय खुलतो! घरी येऊन शिकवणाऱ्या ताई त्याच्यासाठी थांबतात, तोच खेळ पुन्हा घेतात.

क्लासमध्ये गाणी, टाळ्या, सवंगडी मिळतात. बुजऱ्या मुलाला त्याचा खरंच फायदा होतो. फीही सहसा कमी. पण नाशिकच्या सिडकोतून संध्याकाळी गंगापूर रोडवरचा क्लास गाठेपर्यंत मूल पेंगायला लागतं. क्लासच हवा असेल तर एका गटात किती मुलं घेतात, हे आधी विचारा.