पुरवठादार जवळचा की लांबचा? कडबाकुट्टीच्या कारखान्यातून केलेली तुलना

आमच्याकडे कडबाकुट्टी, म्हणजे वैरण कापायचं यंत्र, तयार होते. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा, अकरा माणसं. यंत्राचं मोठं चाक शिरोलीच्या एका फौंड्रीतून ओतून येतं, गिअर उद्यमनगरात कापून मिळतात, पत्र्याचं काम आमच्याच रांगेत चौथ्या गाळ्यात होतं. मोटर कोइमतूरहून येते. बेअरिंग आणि व्ही-बेल्ट घ्यायचे शहरातल्या डीलरकडून, पण ते बनतात दूर कुठेतरी. पाती पूर्वी राजकोटहून यायची, आता कागलला करून घेतो.

नव्याने उद्योगात उतरणारी मुलं भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. माल आसपासच्या छोट्या कारखानदारांकडून घ्यावा, की जिथे स्वस्त मिळेल तिथून मागवावा? आम्ही २०२० आणि २०२१ ही कोरोनाची दोन वर्षं दोन्ही प्रकारचे पुरवठादार घेऊन काढली. त्यात कोण कुठे उपयोगी पडलं, ते इथे मांडतो. माझा कल जवळच्याकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण सगळ्या वस्तूंना तो लागू नाही, आणि जवळच्यामुळेही आम्ही अडचणीत आलो आहोत.

भाव

समजा चाकाचं कास्टिंग ३० किलोचं आहे. शिरोलीत भाव किलोला १०० रुपये, लांबच्या फौंड्रीत ९०. म्हणजे चाकामागे ३०० रुपये सुटले. किलोला ४ रुपये गाडीभाडं धरलं तर १२० गेले, राहिले १८०. लांबचा माणूस एका वेळी २०० चाकांशिवाय ऑर्डर घेत नाही, म्हणजे साडेपाच लाखांवर रक्कम मालात अडकते. जवळचा दर आठवड्याला २५ देतो, तिथे ७५ हजारांत भागतं. अडकलेल्या रकमेचं व्याज १२ टक्क्यांनी काढलं तर ते चाकामागे २०-२५ रुपये पडतं.

म्हणजे सगळं वजा जाऊनही लांबचा दीडशे रुपयांनी स्वस्तच. "जवळून घेतलं की शेवटी स्वस्तच पडतं" असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडे वही मागा. चांगल्या दिवसांत ते पडत नाही. प्रश्न एवढाच की हे दीडशे रुपये जास्त देऊन आपल्या पदरात काय पडतं.

बंदचे दिवस

२३ मार्च २०२० ला राज्यात संचारबंदी लागली, २५ ला देशभर टाळेबंदी. शेती अवजारांच्या आणि सुट्या भागांच्या दुकानांना एप्रिलच्या सुरुवातीलाच सवलत मिळाली, आणि आमचे फोन वाजायला लागले. गोठ्यात चार म्हशी असलेल्या माणसाला वैरण रोज कापावी लागते. वैरण कापायला येणारा गडी घरी बसलेला, त्यामुळे यंत्राला उलट मागणी वाढलेली. कारखान्यांना अटींवर परवानगी मिळायला २० एप्रिल उजाडला. गाळा उघडला तेव्हा आमच्याकडे ४० चाकं होती आणि मोटर एकही नव्हती.

मालाच्या ट्रकना बंदी नव्हती, पण ड्रायव्हर मिळत नव्हते आणि कोइमतूरचा कारखानाही सुरू नव्हता. रोज फोन करायचा, तिकडून "नेक्स्ट वीक" ऐकायचं. मोटरी आल्या जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. चीनहून कपॅसिटर मागवणाऱ्या शेजाऱ्याची गत याहून वाईट झाली. आधी तिकडचे कारखाने बंद, मग जूनच्या अखेरीस सीमेवरच्या तणावानंतर चिनी मालाची बंदरांवरची तपासणी कडक झाली. पुढे हिवाळ्यात कंटेनर मिळेनात आणि त्यांचं भाडं कित्येक पटींनी वाढलं.

मग जवळची फौंड्री धडधडत होती का? तीही नाही. साचे भरणारी बहुतेक मुलं बिहार आणि उत्तर प्रदेशची. १ मे पासून श्रमिक रेल्वे सुटू लागल्या तशी ती गावी गेली, आणि त्यांना थांबा म्हणायचा हक्क आपल्यापैकी कुणालाच नव्हता. भट्टी आठवड्यातून एकदाच पेटायची. फरक इतकाच की ती कधी पेटणार हे आम्हाला आदल्या दिवशी कळायचं. एका हीटचा, म्हणजे भट्टी एकदा पेटवली की निघतो तेवढा, माल एकट्याचा भरत नसे, म्हणून आम्ही तिघा कारखानदारांनी मिळून हीट भरायचं ठरवलं. साचे भरायला माणसं कमी होती, तर आमच्याकडची दोन मुलं तीन दिवस तिथे जाऊन वाळू चाळत आणि पेट्या बंद करत होती. कोइमतूरला कितीही जास्त पैसे देऊ केले असते तरी ही सोय मिळाली नसती.

खराब माल निघाला तर

जुलै २०२० मधली गोष्ट. फौंड्रीत नवी माणसं लागली होती. आमचा टर्नर चाकाला भोक पाडत होता आणि ड्रिल किंचाळायला लागलं. एक तुटलं, दुसऱ्याची धार पाच मिनिटांत गेली. मी फौंड्रीत फोन केला. अर्ध्या तासात तिथले मिस्त्री मोटारसायकलवर हजर. मास्क हनुवटीखाली ओढून त्यांनी चाक उभं केलं, हातोड्याने कडेला दोन ठिकाणी टिचकावलं आणि कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "दादा, एक फोडूया."

घण घालून फोडलं. मधे तुटलेला भाग हवा तसा करडा होता, पण कडेला बोटभर जाडीचा पट्टा पांढरा, चकचकीत. लोखंड कडेला झपाट्याने थंड होऊन कठीण झालं होतं. असा कठीणपणा येऊ नये म्हणून ओतताना घालतात ते फेरोसिलिकॉन कमी पडलं असणार, हे त्यांनी तिथेच ओळखलं. आठ चाकं संध्याकाळी छोट्या हत्तीत घालून परत गेली आणि पुढच्या हीटमधून बदलून आली. ना पत्रव्यवहार, ना वाद.

आता मोटरींचं ऐका. त्याच पावसाळ्यात बारा मोटरींचा लॉट आला. आमच्या पुलीचं भोक २४ मिमीचं, आलेल्या मोटरींचा शाफ्ट २८ मिमीचा. चूक त्यांची होती आणि ती त्यांनी मान्यही केली. पण फोटो पाठवा, माप दाखवून व्हिडिओ पाठवा, ट्रान्सपोर्टचा खर्च कोण देणार ते ठरवा, यात पाच आठवडे गेले. शेवटी आम्हीच पुल्या मोठ्या बोअर करून, चावीची खाच पुन्हा कापून यंत्रं बाहेर काढली. तो माणूस वाईट नव्हता. पण त्याला आमचं चाक दिसत नव्हतं आणि आम्हाला त्याचं मशीन.

जिथे वस्तू आपल्या ड्रॉइंगप्रमाणे घडते आणि तिचा दोष आपल्या लेथवर आल्यावरच उघडा पडतो, तिथे ते दीडशे रुपये मी डोळे मिटून देतो.

किती जवळ म्हणजे जवळ

इथे मात्र माझा स्वतःचा समज मोडला. बेळगावचं उद्यमबाग आमच्यापासून ११० किलोमीटर. गिअरचं काम तिथे चांगलं होतं, भावही बरा, आणि मी त्याला जवळचंच धरत होतो. कोरोनात कळलं की मधे कोगनोळीचा नाका आहे. ट्रक सोडत होते, पण माल बघायला, माप तपासायला आपला माणूस पाठवायचा तर २०२१ मध्ये आरटीपीसीआर अहवाल लागायचा. तेवढ्यासाठी कोण नाकात काडी घालून घेणार? कारखाना दुसऱ्या राज्यात असला की नियमही दुसरे, हे किलोमीटर मोजताना मनात आलं नव्हतं.

आणि शिरोली? ती जेमतेम १५ किलोमीटरवर, पण पंचगंगेच्या पलीकडे. ऑगस्ट २०१९ ला आणि पुन्हा जुलै २०२१ ला महापुराचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं. २०२१ ला तर कोरोनाची दुसरी लाट ओसरायच्या आत गाडीच बंद. चाकं तयार, आम्ही तयार, मधे पाणी.

जवळच्या पुरवठादाराची सगळ्यात मोठी उणीव हीच. आपल्यावर संकट येतं त्याच दिवशी ते त्याच्यावरही येतं. एप्रिल २०२१ मध्ये केंद्राने उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून रुग्णालयांकडे वळवला. मोजके उद्योग वगळता सगळ्यांचा बंद झाला, आणि ते योग्यच होतं. आमच्या रांगेतल्या पत्र्याच्या कामवाल्याने स्वतःकडचे भरलेले सिलिंडरही दवाखान्याला देऊन टाकले. पण आमचं गॅस कटिंग थांबलं, त्याचं थांबलं, त्याला पर्याय म्हणून ठेवलेल्या दुसऱ्याचंही थांबलं. दोन पुरवठादार एकाच वसाहतीत ठेवले म्हणजे दोन झाले असं नाही.

पुढच्याच मे महिन्यात फौंड्री जवळजवळ तीन आठवडे बंद राहिली. मालकाच्या घरात आणि कामगारांत मिळून बरेच जण आजारी होते. शेजारची फौंड्री आमची चाकं ओतून द्यायला तयार होती. पण आमचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा घेतात तो चाकाचा नमुना, बंद फौंड्रीत, कुलपाच्या आत. ज्यांच्याकडे किल्ली ते ऑक्सिजनवर. अशा वेळी पॅटर्नसाठी फोन करायला हात धजत नाही, आणि मी केलाही नाही. चूक माझीच होती. पॅटर्नचे पैसे मी दिले होते, पण तो माझा आहे असा एक कागदही नव्हता आणि दुसरा सेट केलेला नव्हता.

तिकडे कोइमतूरची गतही तीच. तामिळनाडूत १० मे पासून पूर्ण टाळेबंदी होती.

पैसे

ही बाब मी सगळ्यात महत्त्वाची मानतो, आणि पुरवठादार निवडताना तिचाच विचार शेवटी होतो.

लांबचा पुरवठादार कोरोनात ॲडव्हान्सशिवाय हलला नाही. त्याला दोष देत नाही, तो आम्हाला ओळखत नव्हता. जवळच्यांनी उधारीवर माल दिला. पण मार्च २०२० मध्ये फौंड्रीचे दोन महिन्यांचे पैसे माझ्याकडे थकलेले होते आणि बँकेत फारसं काही नव्हतं. केंद्राच्या तातडीच्या कर्जहमी योजनेत २९ फेब्रुवारी २०२० ला फेडायच्या बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के रक्कम विनातारण मिळत होती. मुद्दल फेडायला वर्षभर सवलत होती. ती रक्कम हातात आल्यावर पहिला मोह असा होता की जपून ठेवावी, पुढे काय होईल सांगता येत नाही. घरी दोन दिवस यावर बोलणं झालं. मग फौंड्रीचं, गिअरवाल्याचं आणि पत्रेवाल्याचं सगळं देणं एकाच दिवशी चुकतं केलं. फौंड्रीच्या मालकांनी त्याच पैशातून वीजबिल भरलं, हे मला पुढे त्यांच्याकडूनच कळलं.

त्या हिवाळ्यात स्क्रॅप आणि पिग आयर्न दोन्ही भडकले. भाव आठवड्याला बदलत होते, फौंड्र्या जुन्या गिऱ्हाइकांनाही नाही म्हणत होत्या. आमची चाकं एकदाही थांबली नाहीत. भाव वाढवून घेतला, पण माल दिला. तोच फौंड्रीवाला त्या काळात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम मागे ठेवत होता, कारण त्यांचे चार-चार महिने पैसे येत नसत. १५ किलोमीटरवर असून त्या गिऱ्हाइकाला फौंड्री लांबच पडली.

म्हणून जवळचा पुरवठादार निवडणार असाल तर त्याचे पैसे वेळेवर देण्याची ताकद आपल्यात आहे का, हे आधी तपासा. नसेल तर जवळ असण्याचा फायदा निम्मा गेला. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ पासून ही मुदत चुकवली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च आयकरात धरता येत नाही.

जवळच्याची एक कागदी अडचणही ध्यानात ठेवा. छोटा जॉबवर्कवाला जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्यांसाठीची सोपी कर योजना) असेल तर आपल्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करण्याची सोय, मिळत नाही. नेहमीच्या नोंदणीत असून त्याने रिटर्न वेळेवर भरलं नाही तरी क्रेडिट अडकतं, कारण २०२२ पासून जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, दिसेल तेवढंच घेता येतं. मी आता आमच्या सीएंना दोन जॉबवर्कवाल्यांचं रिटर्न भरायला लावलं आहे, फी मी देतो.

वस्तू बघून ठरवा

सगळं जवळून किंवा सगळं लांबून, असा निर्णय घेऊ नका. बेअरिंग ६२०५ म्हटलं की कुठेही ६२०५ च असतं, बेल्टही नंबरावर मिळतो. हे जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या आणि तीन महिन्यांचा साठा करा. दोन कपाटांत सगळं मावतं. २०२० मध्ये सहा यंत्रं फक्त बेल्टवाचून पडून होती, याची खंत मला अजून आहे.

चाक, गिअर, पाती, पत्रा जवळचं. पण प्रत्येकाला दुसरा पुरवठादार हवा आणि तो नदीच्या दुसऱ्या अंगाला हवा. आमची तीन चतुर्थांश चाकं अजून शिरोलीतून येतात, उरलेली कागलच्या बाजूने. दुसऱ्याला वर्षभर थोडं तरी काम देत राहावं लागतं, अडचणीत अचानक दार ठोठावून चालत नाही. पॅटर्नचे आता दोन सेट आहेत. दोन्हींवर आमचं नाव कोरलेलं आहे, फौंड्रीत जातो तो चलनावर "परत करण्याच्या बोलीने" म्हणून जातो आणि दुसरा आमच्या गाळ्यात माळ्यावर असतो.

मोटर हाच अवघड भाग. ती आसपास आम्हाला हव्या त्या भावात मिळत नाही, साठा करावा तर पैसा फार अडकतो. आता कोइमतूर आणि राजकोट अशा दोन राज्यांतून घेतो. त्यांची मापं जुळत नाहीत, म्हणून पत्रेवाल्याला सांगून मोटरखालच्या पाटाला गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडून घेतल्या आणि पुली २४ व २८ अशा दोन्ही बोअरच्या ठेवल्या. आता कुठलीही मोटर आली तरी त्याच दिवशी बसते.