इन्व्हर्टरवाल्याला व्हीलचेअर दाखवली (पाचपैकी चार तारे)

माझी इलेक्ट्रिक व्हीलचेअर सपाटीवर छान चालायची, पण सोसायटीचा रॅम्प अर्धा चढला की लाल दिवा आणि जागच्या जागी ठप्प. कंपनीच्या हेल्पलाइनने फोनवरच निदान केलं, "मॅडम, कंट्रोलर गेलाय, नवीन मागवावा लागेल." (म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा.) न बघता कळतं म्हणजे कमालच! शेवटी इथे इंदिरानगरात, नाशिकला, कोपऱ्यावरच्या इन्व्हर्टर-बॅटरीवाल्यांना विचारलं. ते मीटर घेऊन घरी आले.

आधी वरवरचं बघितलं. चार्जरची पिन लावलेली असेल तर खुर्ची मुद्दामच हलत नाही. मोटरजवळचे क्लचचे दांडे, खुर्ची हाताने ढकलता यावी म्हणून चाकं मोटरपासून सोडवणारे, त्या बाजूला राहिले तरी तेच. सुरू करताना जॉयस्टिक कलती असली तर एरर येतो. बंद करायची, हात काढायचा, पुन्हा सुरू करायची. यातलं काहीच नव्हतं. जॉयस्टिक ढकलली की ब्रेक सुटल्याचा 'टक्' आवाजही येत होता, म्हणजे कंट्रोलर मेलेला नव्हता.

मग मागचं कव्हर काढलं. आत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, सिरीजमध्ये जोडून २४. उभ्या खुर्चीत दोन्ही साडेबाराच्या वर! "ताई, यावर जाऊ नका. लोड देऊन बघू," म्हणाले. मी रॅम्प चढतेय आणि हे मीटरच्या पिना धरून शेजारून वाकून चालतायत. वॉचमन बघतच राहिला. एक बॅटरी बारावर टिकली, दुसरी सरळ नऊवर घसरली. सापडला चोर.

एकच बदला म्हटलं तर ऐकेनात. जुनीच्या जोडीला नवी लावली की नवीही लवकर बसते, म्हणून दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या घालायला लावल्या. खर्च वाढला, पण पटलं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी पूड पॉलिश पेपरने घासून व्हॅसलिन लावलं. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेली ठेवायची नाही, रोज रात्री चार्जिंगला लावायची, हे माझ्या भाच्याला बजावून सांगितलं. वॉरंटी कार्डावर शिक्का मारून दिला.

एक तारा कापला तो दुकानाच्या तीन पायऱ्यांसाठी. जॉयस्टिक उघडणं किंवा मोटरचे कार्बन बदलणं ते करत नाहीत, तसं आधीच सांगतात. दुपारी फोन उचलत नाहीत. संध्याकाळी सहानंतर करा.