कातळसड्यावरचा वारा आणि घडीचा लाकडी कॅमेरा

४×५ इंचांच्या सुट्या फिल्मवर छायाचित्र घेणारा हा घडीचा लाकडी कॅमेरा मी घेतला तो त्याचे वजन पाहून. लेन्सशिवाय दीड किलोच्या आत बसणारे हे यंत्र पाठीवर टाकून राजापूर तालुक्यातले सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारे, पालथे घालता येतील, असा माझा हिशेब होता आणि तो चुकला नाही. एक गोष्ट मात्र त्या हिशेबात धरलेली नव्हती : सड्यावर ना झाड ना भिंत, त्यामुळे समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला तिथे पहिला आडवा येतो तो ट्रायपॉडवरचा कॅमेराच. दोन हिवाळे वापरून लिहिलेला हा अभिप्राय मुख्यतः त्या वाऱ्याबद्दल आहे. बंद खोलीत या कॅमेऱ्याविषयी माझी कसलीही तक्रार नाही.

दुखणे भात्यात, म्हणजे लेन्स आणि मागची काच यांना जोडणाऱ्या घडीच्या पडद्यात आहे. दूरच्या दृश्यावर फोकस करताना लेन्स आणि प्रतिमा जिच्यावर पडते ती मागची काच यांतले अंतर साधारण लेन्सच्या केंद्रांतराइतके ठेवावे लागते, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या लेन्सला भाता जवळजवळ एक फूट ताणावा लागतो. असा ताणलेला भाता बाजूच्या वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि लेन्स धरणारी पुढची चौकट, जी या कॅमेऱ्यात मुळातच किंचित सैल आहे, त्याच्याबरोबर हलते. भिंगातून काचेवरची उलटी प्रतिमा पाहिली की हे लगेच कळते : ओल्या कातळावरच्या चमकत्या ठिपक्याची बारीक रेघ होते, झोत ओसरला की तिचा पुन्हा ठिपका होतो. १५० मिलिमीटरच्या लेन्सवर हाच दोष पुष्कळ कमी जाणवतो आणि ९० वर जवळजवळ नाहीसा होतो. विक्रेत्याला हे कळवले, तेव्हा स्क्रू घट्ट करा एवढेच उत्तर आले. ते मी आधीच केले होते.

तरीही हा कॅमेरा मी परत केला नाही, याचे कारण कशेळीचा हत्ती. कोकणातल्या कातळशिल्पांपैकी जी स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली, त्यांत कशेळी आहे, आणि तिथल्या जांभ्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. एवढी आडवी आकृती ट्रायपॉडच्या उंचीवरून टिपताना साध्या कॅमेऱ्यात पायाजवळची रेघ आणि पलीकडचे टोक दोन्ही स्पष्ट हवे असेल, तर लेन्सचे छिद्र एफ/४५ पर्यंत बारीक करावे लागते (आकडा मोठा तितके छिद्र लहान). इथे लेन्सची चौकट काही अंश पुढे झुकवली की फोकसचे प्रतल जमिनीवरच आडवे होते आणि एफ/१६ वर काम भागते. तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाचले म्हणजे एका सेकंदाचे प्रकाशन एक अष्टमांश सेकंदावर आले. चौकट झुकवण्याची ही सोय मी तीक्ष्णतेसाठी घेतली होती. वाऱ्यावरचा सर्वांत खात्रीचा उपायही तीच ठरली.

दुसरा उपाय घड्याळाचा. कोरीव रेघा उथळ असल्याने त्या उठून दिसण्यासाठी तिरपे ऊन लागते, म्हणजे एक तर सकाळ किंवा संध्याकाळ. हिवाळ्यात पहाटेपर्यंत जमिनीकडून मतलई वारे मंदपणे वाहतात, ऊन चढले की ते थांबतात आणि पुढे समुद्राकडून खारे वारे सुरू होतात, जे दुपारी जोर धरतात आणि दिवस मावळेपर्यंत पुरते निवत नाहीत. सड्याखालच्या वाडीतल्या एका आजोबांनी माझा पसारा पाहून ‘आता वारा पडायचा नाय, सकाळी या’ असे सांगितले होते. त्या दिवशी न ऐकल्यामुळे चार फिल्म वाया गेल्या.

बाकीच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण तशा नाहीत. डोक्यावर घ्यायचे काळे फडके वाऱ्यात फडफडून कॅमेऱ्यालाच धक्के देते, म्हणून त्याच्या कोपऱ्यांत मासेमारीच्या जाळ्याची शिसे शिवून घेतली आणि फिल्म उघडण्यापूर्वी ते काढून ठेवण्याची सवय लावली. ट्रायपॉडच्या मधोमध वजन टांगा, असा सल्ला सर्रास दिला जातो. टांगलेली पिशवी मात्र वाऱ्यात लंबकासारखी झुलते आणि होते ते नुकसान वाढवते. ती जमिनीला टेकलेली असावी, किंवा सरळ एखाद्या चिऱ्याला दोरी बांधून ताणावी. शटरची केबल सैल सोडावी. जवळ एखादा गडगा, म्हणजे दगडांचा बांध, असेल तर त्याच्या आडोशाला, ट्रायपॉडचे पाय कमी लांबवून उभे राहावे, आणि सोबतीला कोणी असेल तर वाऱ्याच्या बाजूने मोठी छत्री धरायला सांगावी, अर्थात छत्रीचा स्पर्श कॅमेऱ्याला होऊ न देता.

फिल्म म्हणून मी आता इल्फर्डची एचपी५ प्लस वापरतो. संवेदनशीलता ४०० असल्याने १०० च्या फिल्मपेक्षा दोन स्टॉप मिळतात आणि ४×५ चे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या सुमारे १३ पट असल्यामुळे जाड कणांची चिंता उरत नाही. नारळाच्या झावळ्या मात्र कोणत्याही उपायाने स्थिर होत नाहीत. त्या चौकटीबाहेर ठेवणे बरे.

ज्यांना १५० पर्यंतच्याच लेन्स वापरायच्या आहेत आणि पहाटे उठणे जमते, त्यांनी असा कॅमेरा खुशाल घ्यावा. लांब लेन्स वापरणाऱ्याने लिनहॉफ टेक्निकासारखा धातूचा, जवळपास दुप्पट वजनाचा कॅमेरा पाहावा आणि तो वाहण्यासाठी पाठीची तयारी ठेवावी. माझी ३०० ची लेन्स सध्या रत्नागिरीला घरी, तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या कपाटात बुरशीपासून जपून ठेवलेली आहे.